दिमित्रिसांच्या दिवसाचे फुकट फोन

वोलोस, २७ ऑक्टोबर

आदरणीय पोलिक्सेनीताईंना थ्रासिवुलोसचा नमस्कार.

आज दिवसभर ढग होते. सकाळी दाढी केली, पाव आणला, दफनभूमीत जाऊन एव्हान्थियाच्या दिव्यात तेल घातलं (वाऱ्यासाठी पुढे काच बसवून घेतली आहे, आता विझत नाही). मग फोनच्या दुकानात जाऊन आलो, आणि आता मसूर शिजत ठेवून लिहायला बसलो आहे. बेटावर तुमचे गुडघे कसे आहेत? जावयाने छपराची कौलं नीट केली, की अजून करतो म्हणतो आहे?

मोबाईल घेतलेला माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुम्हाला वाटेल. मोबाईल आहे, पण त्यातले पैसे संपले आहेत. तीच हकिकत सांगायची आहे.

आमच्या घरचा फोन एव्हान्थियाच्या नावावर होता आणि त्यावर बोलायचीही तीच. कुणाचाही नामदिन असला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस आला, की सकाळची कॉफी झाल्यावर ती फोनजवळ खुर्ची ओढून बसायची आणि दोघांच्या वतीने उदंड आयुष्य चिंतायची. मी आतून “माझंही सांग गं” असं ओरडायचो. लग्नापासून माझं काम तेवढंच. कुणाचा दिवस कधी, कुणाच्या सुनेची चौकशी करायची आणि कुणाच्या अजिबात नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. वसंतात तुमची बहीण गेल्यावर कंपनीने कळवलं, की फोन माझ्या नावावर करायचा तर दोन वर्षांचा नवा करार करावा लागेल. मी म्हटलं, आता मी दाढीचं ब्लेडसुद्धा एकेकच आणतो, दोन वर्षांची सही कुठून करू? (हे गमतीने म्हटलं होतं. पलीकडची बाई हळू आवाजात “फार वाईट वाटलं” म्हणाली.) फोन बंद झाला. ऑगस्टात मारियांच्या दिवशी मी कुणालाच शुभेच्छा दिल्या नाहीत. दुखवट्यातला माणूस म्हणून कुणी बोललं नाही. पण अशा बाबतीत लोक भांडत नाहीत, ताई. पुढच्या वर्षी त्यांचाही फोन येत नाही, एवढंच. असं एकेक घर सुटत गेलं, तर एव्हान्थियाने जन्मभर धरून ठेवलेली माणसं माझ्या हातून वर्षभरात जातील. म्हणून करार नसलेला, आधी पैसे भरायचा, स्वस्तातला मोबाईल घ्यायचं ठरवलं.

दुकानात आपल्या औषधवाल्याची मुलगी कीवेली असते. तिने विचारलं, “काका, महिन्याला साधारण बोलणं किती होतं?”

“होत नाही.”

“मग फोन कशाला हवा?”

“बोलायला.”

तिने तीन योजना पुढे ठेवल्या. पहिलीत इंटरनेट भरपूर होतं (मला नको). दुसरीत रात्री बोलणं फुकट (मी झोपलेला असतो). तिसरी सर्वात स्वस्त, आणि त्यात नामदिनाला दिवसभर फोन फुकट! मी म्हटलं, हीच दे. शिवाय या योजनेत ‘आपलं माणूस’ म्हणून एक नंबर द्यायचा असतो, त्याच्याशी कायम फुकट. “सगळ्यात जास्त कुणाशी बोलता?” तिने विचारलं. ज्या बाईशी बोलायचो ती स्वयंपाकघरात असायची, तिला फोन करायची वेळ कधी आलीच नाही. शेवटी एक नंबर सांगितला.

काल दिमित्रिसांचा दिवस. खुर्ची ओढून बसलो. पहिला फोन अर्थातच लग्नात साक्षीदार म्हणून आमच्या डोक्यावरचे मुकुट बदलणाऱ्या दिमित्रिसला.

“कोण? थ्रासोस? अरे देवा! कोण गेलं?”

“कुणी नाही. तुला उदंड आयुष्य लाभो.”

“लपवू नकोस. मी बसतो, मग सांग.”

कुणीही मेलेलं नाही हे त्याला पटवण्यातच बराच वेळ गेला. मग खूश होऊन त्याने आपलं पोटाचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगितलं. मीही घाई केली नाही, फुकटच तर होतं. त्यानंतर आतेबहीण दिमित्रा. ती “थांब हं, भट्टीत पालकभाजीची पाई आहे, करपेल” म्हणून फोन ओट्यावर ठेवून गेली आणि विसरली. तिच्या घरी आलेल्या पाहुण्यांचं सगळं बोलणं मी ऐकलं (तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते). ठेवून देणं बरं दिसलं नसतं. तिसरा दिमित्रिस म्हणजे आमचा जुना हेडमास्तर. त्याला मी “उदंड” म्हटलं, आणि “आयुष्य” म्हणायच्या आत एका बाईने मध्येच सांगितलं, की तुमची शिल्लक संपली आहे.

आज सकाळी दुकानात गेलो.

“काका, *तुमच्या* नामदिनाला फुकट!” कीवेलीने कपाळावर हात मारला.

“माझ्या नामदिनाला मी कशाला कुणाला फोन करू? त्या दिवशी लोक मला करतात. मी केला, तर शुभेच्छा मागायला केला असं होईल.”

मग तिने मॅनेजरला बोलावलं. त्याने योजनेचा कागद पुन्हा वाचला. “बरोबर आहे,” तो म्हणाला, “पण योजना अथेन्सहून येतात.” शिवाय माझ्या नावाचा संत नाही, त्यामुळे माझा दिवस सर्व संतांच्या सणाला, थेट उन्हाळ्यात, आणि तेव्हाही मी नामदिन साजरा करणार नाही. कीवेली म्हणाली, करार नाहीच, आत्ता बदलून देते. मी म्हटलं, राहू दे.

सर्वांना नमस्कार सांगा.

तुमचा,
थ्रासिवुलोस

ता. क. उद्या राष्ट्रीय सुट्टी, त्यामुळे हे पत्र परवाच्या बोटीने निघेल.

ता. क. योजना बदलली नाही, कारण ‘आपलं माणूस’ फक्त त्याच योजनेत आहे, आणि तिथे मी तुमचा नंबर दिला आहे. विचारायला हवं होतं. तुम्हाला कंपनीचा मेसेज आला असेल, त्याला एकचा आकडा दाबून उत्तर पाठवायचं, म्हणजे सुरू होतं. असले मेसेज आले की लगेच पुसून टाका, असं उन्हाळ्यात मीच तुम्हाला बजावलं होतं. पुसला असेल तर कीवेली पुन्हा पाठवेल.

ता. क. पुढच्या महिन्यात मिखालिस, अँगेलिकी आणि स्तामातिस या नावांची सगळी माणसं एकाच दिवशी येतात. मला त्यातले तिघेच आठवतात, एव्हान्थिया तर दुपारपर्यंत बोलत बसायची. आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघी बहिणी फोनवर, कुणाकुणाला शुभेच्छा द्यायच्या ते ठरवायच्या, मला आतून ऐकू यायचं. या वेळी माझ्याशी ठरवाल का? आणि एखाद्या संध्याकाळी कुणाचाच दिवस नसताना माझा फोन आला, तर घाबरू नका. कुणीही गेलेलं नसेल.

मसुराला तळाशी लागल्याचा वास येतो आहे. उठून गॅस बंद करतो.