न फुटणारं गलबत

१ जानेवारी २०२५, बुधवार
आजवर स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, महत्त्वाच्या क्रमाने:
१. 'काळं गलबत' सिनेमातलं काळं गलबत, १९९७. लांबी बावन्न फूट. सात महिने. मदतीला दोघे होते, पण ते फळ्या धरायला. शेवटच्या सीनमध्ये जाळलं. चाळीस सेकंद. नामावलीत चहावाल्याचं नाव आहे, माझं नाही.
२. मासेमारीच्या तीन होड्या. दोन अजून रेवदंड्याच्या खाडीत चालतात. तिसरी मेहुण्याची, अल्पेशची. तो म्हणतो बुडाली. मी म्हणतो त्याने बुडवली.
३. घरचा जिना. सातवी पायरी पाऊण इंच उंच आहे. मुद्दाम. चोराला कळत नाही.
४. 'काळं गलबत'चा व्हिडिओ गेम. नऊ भाग. काम चालू. माणसं, किल्ला, समुद्र, सगळं खेळण्यातल्या ठोकळ्यांचं. मारामारी आहे, रक्त नाही. माणूस पडला की त्याचे ठोकळे सुटतात आणि पुन्हा जुळून तो उभा राहतो. आजीने नातवाला मांडीवर घेऊन खेळावा असा. कोणाकडे शिकायला गेलो नाही. यूट्यूब आणि अक्कल.

संकल्प: ८ फेब्रुवारीला अलिबागच्या प्रदर्शनात गेम मांडणे. बेलापूरच्या गेम कंपनीची माणसं येणार आहेत. नामावलीत पहिलं नाव: दत्तात्रेय, रेवदंडा.

बायकोला, कल्पिताला, शब्द दिला, शिमग्यापर्यंत यातून काही निघालं नाही तर न्हावा शेव्याला अल्पेशच्या शेडमध्ये मालाखालची लाकडी पॅलेट ठोकायला जाईन. शब्द देताना मी हसलो. ती हसली नाही.

४ जानेवारी
गलबत पूर्ण. ११,४१२ ठोकळे. पोटात पाण्याचे माठ, दोरखंड, वजनाचे दगड, सगळं १९९७ सारखंच ठेवलं. खेळणाऱ्याला दिसणार नाही. मला माहीत असेल.

९ जानेवारी
गलबत पडद्यावर आलं की गेम अडकतो. दोष कॉम्प्युटरचा. टेबलफॅन लावला.

१५ जानेवारी
कल्पिताने खेळून पाहिला. सुकटीचं गिऱ्हाईक दारात उभं ठेवून. दहा मिनिटांत जेटी फोडली, चौदा माड फोडले, नाक्यावरची चौकी फोडली. फोडलं की शिंपले मिळतात, ते गोळा केले. (गेमची रचना उत्तम.) मग विचारलं, गलबत कसं फोडायचं? म्हटलं, ते फुटत नाही. म्हणाली, अहो, पिक्चरमंदी जलतं ना? मंग नववा भाग संपल कसा?
म्हटलं, विचार चालू आहे.

१६ जानेवारी
विचार केला. सिनेमाचा शेवटच चुकलेला आहे. गेममध्ये खलनायकाची मशाल वाऱ्याने विझते. प्रश्न सुटला.

१७ जानेवारी
गलबत जळलं नाही तर खजिना दिसत नाही. खजिना दिसला नाही तर नायक उतरत नाही. नववा भाग संपत नाही. खेळणारा गलबतावर फिरत राहतो. चांगलं गलबत आहे. फिरू दे की.

२९ जानेवारी
टेबलफॅन गेला. पुठ्ठ्याने वारा घालतो आहे. एका हाताने काम होतं.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी, परतीच्या एसटीत
पहिले आठ भाग मुलांनी अर्ध्या तासात फोडून संपवले. नवव्याला रांग पांगली. एक मास्तर म्हणाले, चित्र सुरेख आहे. सांगितलं की चित्र नाही, हलतं, थोडं थांबा. चार मिनिटांनी सुकाणू हललं. मास्तर तेव्हा पुढच्या टेबलावर होते.
बेलापूरच्या कंपनीच्या अमिषा मॅडम मात्र थांबल्या. चाळीस मिनिटं. गलबत सगळीकडून फिरवून पाहिलं, पोटात शिरल्या. म्हणाल्या, दत्ताभाई, आत माठ पण?
अठ्ठावीस वर्षांत आत डोकावलेलं पहिलं माणूस. सिनेमाच्या दिग्दर्शकानेही पाहिलं नव्हतं.

११ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. गेम नको. गलबत हवं, त्यांच्या नव्या गेममध्ये. नामावलीत माझं नाव, स्वतंत्र ओळीत.
अट एकच. पहिल्याच मिनिटाला तोफगोळा लागून गलबत फुटायला हवं. म्हणाल्या, दत्ताभाई, जे फुटत नाही ते मुलांना दिसतच नाही. फोडायची कमांड तुम्हीच लिहून द्या, शिमग्यापर्यंत कळवा.
रक्कम सांगितली. रक्कम गौण आहे, लिहीत नाही.
कल्पिताला सांगितलं, विचारणा आली आहे. तिने देवाला साखर ठेवली. घाई करते.

२० फेब्रुवारी
अल्पेश आला. कल्पिताने त्याला सगळं सांगितलेलं. म्हणाला, दाजी, माझी होरी तं फुकट फुटली. हिच्या फुटायचं पैसं देतान, तं फोरा ना! दोघं भावंडं बराच वेळ हसली. विनोद सामान्य होता.

१२ मार्च
फोडायची कमांड लिहिली. केवळ तपासणीसाठी. एक गोळा सोडला.
चार सेकंद. १९९७ ला निदान चाळीस लागले होते.
तुकडे मोजले. ११,४०९. तीन कमी. तीन तुकडे कुठे गेले ते कळल्याशिवाय कोणालाही काही देणार नाही. हे तत्त्व आहे.

१३ मार्च, होळी
दोन सापडले. माठाच्या तोंडात होते. कल्पिता होळीत नारळ टाकायला बोलवायला आली. गेलो नाही. जळताना बघायला मला आवडत नाही, हे तिला माहीत आहे. तरी तीनदा आली.

१५ मार्च
मॅडमचा फोन. शिमगा झाला, काय ठरलं? म्हटलं, एक ठोकळा सापडत नाही, माल अपुरा आहे. म्हणाल्या, दत्ताभाई, एक ठोकळा कोण मोजणार? म्हटलं, मी. मग म्हणाल्या, उद्या शेवटचं.

१६ मार्च, रविवार
सकाळपासून पुन्हा मोजलं, न फुटलेलं, पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, वर. तीनदा. ११,४११. जानेवारीत मीच एक जास्त मोजला होता. काहीच हरवलेलं नाही. माल पूर्ण आहे.
कारण उरलं नाही. तरी मॅडमना फोन केला आणि नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमची मर्जी. मग म्हणाल्या, माठ सुंदर होते.
फोडायची कमांड पुसली. कल्पिताला सांगितलं, कंपनीनेच नाही म्हटलं. तिने देवापुढची साखर डब्यात परत ओतली आणि उद्याच्या डब्याला काय देऊ विचारलं. पाच पन्नासची एसटी आहे. अल्पेश म्हणतो, हातोडी शेडमध्ये मिळते. मी माझी नेणार.
नाकारलेली रक्कम, नोंद राहावी म्हणून: नव्वद हजार रुपये.