सासूबाईंचा हिरवा ट्रक

१२ जानेवारी

मागच्या शेडमधला ट्रक भंगारात द्यायचं सकाळी ठरलं. दुपारी मोडलं.

रविवारचा नवऱ्याचा, अर्सेनियोचा फोन. तिकडे दक्षिणेला, तेलाच्या विहिरींवर, बर्फ नाही म्हणे — नुसती धूळ आणि वारा. इथं गुडघाभर पडलाय. म्हणाला, "बाबांचा ट्रक काढून टाक. क्लेओफासला सांग, तो उचलून नेईल. उगाच जागा अडवून बसलाय." घरी कधी येतोस विचारलं तर "बघू." पूर्वी दर पंधरवड्याला यायचा. आता महिना उलटला.

सासूबाई टेबलाशी राजमा निवडत होत्या. त्यांना सांगितलं. जेवणं झाल्यावर सासऱ्यांचा जुना कोट चढवला, फावडं घेतलं आणि शेडच्या दारातला बर्फ उपसायला लागल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मी धावले. "आई, द्या इकडे."

"जमेल तुला? शाळेच्या स्वैपाकघरात बर्फ नसतो."

सोळा वर्षं मी या घरात आहे. शाळेत पोरांचा स्वैपाक करते, त्याचा टोमणा सोळा वर्षं ऐकतेय.

दार उघडलं. एकोणपन्नास सालचा शेवरले. चारी चाकं बसलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार, पत्र्याला भोकं. सासरे गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. दरवर्षी मे महिन्यात शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची मूर्ती याच ट्रकवरून गावाच्या शेतांतून फिरायची. आता क्लेओफासकाकांच्या नव्या ट्रकवरून फिरते.

सासूबाईंनी बॉनेटवर हात ठेवला. "हा कुठं जाणार नाही."

"आई, तो चालत नाही."

"मग चालव," म्हणाल्या आणि घरात गेल्या.

१३ जानेवारी

चालव म्हणे. मला टायर बदलता येतो. संपलं.

१८ जानेवारी

अर्सेनियोने परस्पर क्लेओफासकाकांना फोन केला होता. ते आज साखळदंड घेऊन आले. गावाबाहेरचं भंगाराचं आवार त्यांचं, सासऱ्यांचे दोस्त, आणि सासूबाईंशी त्यांचं कायमचं वाजलेलं. सासूबाई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गारठ्यात, मांडीवर घोंगडी.

"ओतिलियाबाई, तुमच्या मुलानं सांगितलंय."

"मुलाचा आहे का ट्रक?"

"अहो, इंजिन जाम आहे त्याचं. उंदरांनीसुद्धा दुसरीकडे घर बघितलंय."

"यंदा सान इसिद्रो यातूनच निघेल."

मी पायरीवर होते. हातातली बादली सुटायची राहिली. काकांनी हसून हसून डोळे पुसले. "हा ट्रक देवाला घेऊन निघाला ना, तर मी मागून अनवाणी चालेन. पूर्ण मिरवणूक."

"पायाला तेल लावून ठेव," सासूबाई म्हणाल्या.

जाताना काका फाटकापाशी थांबले, मला हळूच म्हणाले, "प्लग काढ. भोकांतून तेल सोड आणि आठवडाभर हात लावू नकोस. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

२६ जानेवारी

तेल सोडून आठवडा झाला. पुढून पहार लावून इंजिन फिरवायला बघितलं. डोंगर हलवण्यासारखं. सासूबाई खुर्चीवरून: "जोर नाही लावलास."

२ फेब्रुवारी

नाही.

९ फेब्रुवारी

फिरलं!

एवढंसंच, बोटभर. पण फिरलं! आधी वाटलं पहारच वाकली. परत जोर लावला — आतून कच्च असा आवाज आला आणि पंखा हलला. मी खाली बसले, तशीच, ग्रीसमध्ये. सासूबाई उठल्या, पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्या बाजूनं पण फिरव," म्हणाल्या. रात्री माझ्या ताटात मांसाचा मोठा तुकडा होता.

फोनवर अर्सेनियोला सांगितलं. "तुम्हा दोघींना दुसरं काम नाही का?" मागे कुठंतरी टीव्ही चालू होता. तो कंपनीच्या बराकीत राहतो. तिथं टीव्ही बिघडलाय असं म्हणाला होता.

२२ फेब्रुवारी

शाळा सुटली की शेड. पेट्रोलची टाकी काढली, आत खडी आणि साखळी टाकून दोघींनी हलवली — एका टोकाला मी, दुसऱ्याला सासूबाई, जशी काही पाळण्याची दोरी. तपकिरी चिखल निघाला. वायरी सगळ्या नव्या. रेडिएटर मीच डाग देऊन जोडला. पहिला डाग गळला, दुसरा गळला, तिसरा धरला.

शाळेतल्या बायका माझ्या नखांकडे बघतात. मुख्य स्वैपाकीण म्हणाली, "नोएमी, पिठात हात घालण्याआधी परत धू." धुतले. परत धुतले. नखं काळीच. मला ती काळी नखं आवडायला लागलीत हे इथं लिहून ठेवते, बाहेर सांगणार नाही.

९ मार्च

चालू झाला!

स्टार्टर पायानं दाबायचा असतो. दाबला, नुसतं घरघर. दाबला, घरघर. कार्ब्युरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल सोडलं, दाबला — फाडकन आवाज, निळा धूर, शेजारची कुत्री भुंकायला लागली, आणि इंजिन धडधडलं. मी ओरडले. हो, ओरडले, एकटीच. सासूबाई धुरातून आल्या, पदर नाकाला लावावा तशी शाल लावून. कान लावून उभ्या राहिल्या.

"असा नव्हता आवाज."

मी म्हटलं, "आई, चालू झालाय!"

"चालू झालाय. पण खोकतोय. तो गुरगुरायचा." आणि गेल्या.

मला इतका राग आला की पाना भिंतीवर फेकला. मग उचलून आणला. दुसरा नाही.

१६ मार्च

त्यांना इंजिनातलं काही कळत नाही. कधी बॉनेट उघडलं नाही, स्टीअरिंगवर बसल्या नाहीत. पण चाळीस वर्षं सासऱ्यांच्या शेजारच्या सीटवर बसून गेल्या-आल्या. सफरचंदं घेऊन बाजाराला, गरोदरपणी दवाखान्यात, बहिणीच्या मयताला. आवाज त्यांच्या अंगात आहे. आज जेवताना स्वतःहून म्हणाल्या, "चढावर त्याचा सूर खाली यायचा. तुझे सासरे त्याच्या सुरात गुणगुणायचे. बेसूर." मग हसल्या. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

क्लेओफासकाकांना विचारलं. म्हणाले, व्हॉल्व्हचं अंतर बघ, इंजिन गरम असताना. सायलेन्सर जुन्या पद्धतीचा मी देतो. "पण म्हातारीला —"

"नाही सांगत," मी म्हटलं.

३० मार्च

व्हॉल्व्ह लावले. हात दोनदा भाजला. सायलेन्सर बसवला. स्टार्टर दाबला.

सासूबाई स्वैपाकघरात तॉर्तिया भाजत होत्या. पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. पायरीवरच थांबल्या. मी गाडीतून त्यांच्याकडे बघत बसले.

"हा," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "हाच."

आत तव्यावरची तॉर्तिया जळून कोळसा झाली. या घरात पहिल्यांदा.

६ एप्रिल

ब्रेक. मी खाली, सासूबाई पेडलवर. "दाबा. धरा. सोडा. दाबा." तासभर. वरून आवाज: "सोळा वर्षं मी हुकूम सोडले. घे आता, वसूल कर."

"दाबा, आई."

"दाबतेय."

१२ एप्रिल

रंग. हिरवाच — यावर चर्चा झाली नाही. क्लेओफासकाकांनी फवारायचं यंत्र फाटकापाशी ठेवलं आणि पळाले. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. "त्याला सांग, जानेवारीपासून मला सगळं माहीत आहे. जेवायला ये म्हणावं."

१९ एप्रिल, ईस्टरचा शनिवार

अर्सेनियो आला. नवा शर्ट, नवं अत्तर. शेडमध्ये गेला. ट्रकभोवती दोनदा फिरला, दार उघडून-लावून बघितलं. मला वाटलं, आता मला काहीतरी म्हणेल. खिशातून फोन काढून फोटो घेतले.

जेवताना कळलं. सांता फे शहरात कुणी हौशी माणूस आहे, असे ट्रक घेतो. "चांगला भाव देईल. पुढच्या आठवड्यात येईल बघायला."

सासूबाईंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "विकायचा नाही."

"तुला कोण विचारतंय? बाबांचा ट्रक आहे."

"भंगारात देताना नव्हता का बाबांचा?"

इतक्या वर्षांत मी त्याला असं बोलले नव्हते. तो आईकडे वळला. "बघ, कशी बोलते. तू हिला डोक्यावर चढवलंस."

सासूबाईंनी मिरचीच्या रश्श्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. "घे, गार होतोय. आणि ट्रकचं ती बघते. तिला विचार."

त्याचा फोन दोनदा वाजला. दोन्हीदा अंगणात जाऊन बोलला. बराच वेळ.

२० एप्रिल

चर्चला जायच्या आधीच निघून गेला. म्हणाला, कामावर बोलावलंय. ईस्टरच्या दिवशी. दुपारी मागच्या हौद्यात फळ्या बसवल्या. सगळ्या बसल्या, एकही डुगडुगत नाही.

११ मे

अर्सेनियो मिरवणुकीला येणार नाही. फोन नाही, दोन ओळींचा निरोप. सासूबाईंना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. मग, "गाडी तू चालवशील." मी म्हटलं, क्लेओफासकाकांना सांगूया, देव घेऊन जायचाय, रस्ता उताराचा. "देव तुझ्या सासऱ्यांबरोबर जायचा तेव्हा ते प्यायलेले असायचे. तू निदान शुद्धीवर असशील."

१५ मे

झालं! सगळं लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

सकाळी चर्चच्या दारात ट्रक उभा केला, तर लोक गोळा झाले. म्हाताऱ्या बायका हिरव्या पत्र्यावरून हात फिरवत होत्या. कुणी म्हणालं, अर्सेनियोनं मस्त केलाय. सासूबाईंनी त्याला पुरं बोलूही दिलं नाही. "अर्सेनियोनं नाही. माझ्या सुनेनं." मोठ्यानं, सगळ्यांसमोर. माझी सून असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. आजवर मी फक्त "ती" होते.

सान इसिद्रोला हौद्यात बसवलं, भोवती फुलं आणि गव्हाच्या लोंब्या. सासूबाई माझ्या शेजारी, काळ्या कपड्यांत, ताठ. आणि मागे क्लेओफासकाका — कुणी आठवण न करता बूट काढून, मोजे खिशात कोंबून तयार. अर्धं गाव त्यांच्या पायांकडे बघत होतं, देवाकडे कमी.

निघालो. पायी चालणाऱ्यांच्या गतीनं. तेच तर कठीण! पहिल्या गिअरात, पाय अर्धवट क्लचवर, इंजिन तापतंय आणि वारा नाही. खालची शेतं झाली. पाटाच्या कडेनं पुढे गेलो. फादर प्रत्येक शेताच्या बांधावर पवित्र पाणी शिंपडत होते. मागून काकांचा आवाज, "ओतिलियाबाई, जरा सावकाश, खडे आहेत."

"सान इसिद्रोला घाई आहे," सासूबाई, मागे न बघता.

वरच्या पाटाकडे जाणारा चढ आला. तापमानाच्या काट्याकडे बघायची गरजच नव्हती, बॉनेटमधून वाफ निघाली. मी थांबवला. अख्खी मिरवणूक थांबली, गाणं थांबलं. वाटलं, संपलं. इथंच, या चढावर, सगळ्यांसमोर. कुणीतरी म्हणालं, "मूर्ती उतरवून घेऊया, खांद्यावर नेऊ." दोघंतिघं पुढे झालेसुद्धा.

सासूबाई उतरल्या. हौद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "देवाला हात लावायचा नाही." मग फादरकडे वळल्या. फादर नवे आहेत, तरुण, शहरातून आलेले. "फादर, ती बादली इकडे द्या."

"बाई, हे पवित्र पाणी आहे."

"मग उत्तमच."

"पण शेतं राहिलीत अजून —"

"शेतं थांबतील. हा उकळतोय."

फादरनी माझ्याकडे बघितलं. बादली दिली. मी इंजिन जरा निवू दिलं, फडकं गुंडाळून झाकण हळूहळू सोडलं, फुस्स करून वाफ गेली. मग पाणी. थोडं, परत थोडं. पाटाचं पाणी वाजत होतं तेवढंच. झाकण लावलं, वर बसले, पाय स्टार्टरवर ठेवला.

एका दमात चालू झाला. खोकला नाही, अडखळला नाही. गुरगुरला.

आणि चढला! सूर खाली आला, सासूबाई म्हणाल्या होत्या तसाच, आणि चढला. मागे लोकांनी गाणं उचललं, आधीपेक्षा मोठ्यानं. शेजारी सासूबाई गुणगुणत होत्या. त्याही बेसूर. वर पोचलो तेव्हा काका लंगडत पुढे आले, सासूबाईंच्या खिडकीशी उभे राहिले आणि टोपी काढली. सासूबाईंनी पिशवीतून पायाला लावायच्या तेलाची बाटली काढून दिली. आणली होती बरोबर!

फादरनी पाटाच्या पाण्यालाच आशीर्वाद देऊन बादली भरून घेतली. उरलेली शेतं कोरडी राहिली नाहीत.

१६ मे

शाळेत सगळ्या पोरांना कळलंय. जेवणाच्या रांगेत एक जण म्हणाला, "ट्रकवाल्या बाई, अजून वाढा." वाढलं. दुप्पट.

१९ मे

अर्सेनियोचा फोन. तो येणार नाही. या महिन्यात नव्हे — आता कधीच नाही. तिकडे त्याचं घर आहे, तिथं एक बाई आहे, दोन वर्षं झाली. म्हणाला, आईला तूच सांग.

सांगितलं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी आत जाऊन बॅग काढली, कपडे भरायला लागले. घर सासूबाईंचं, मी त्यांच्या मुलाची बायको होते. आता तीही नाही.

दारात आल्या. सासऱ्यांचा कोट अंगात.

"कुठं निघालीस?"

मी म्हटलं, "घर तुमचं आहे, आई."

"मग मी सांगितलं का, जा म्हणून?" बॅगेतले माझे कपडे त्यांनी एकेक करून परत कपाटात ठेवले, घड्या नीट करून. "चल. रेडिएटर परत गळतोय, शेडमध्ये थारोळं झालंय. मी दिवा धरते."