आखूड दोर

आबा,

डोंगरातल्या घरामागचं नाणाचं झाड परवा पाडलं. तुम्ही जांभळाचं झाड पाडलं होतं ना, त्याच्याच शेजारचं. गेल्या पावसात उताराची माती खचली, मुळं उघडी पडली आणि झाड कौलांवर झुकलं. आता पावसाच्या आत काढलं नाही तर घरावरच येईल, असा दादाचा कबनूरला फोन आला. मी म्हटलं, येतो. बायको म्हणाली, तिथं माणसं आहेत की, माग बंद ठेवून तुम्ही कशाला जाताय? तिला काय सांगणार? मला दोर धरायचा होता.

तुम्हाला तो जांभळाचा दिवस आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला मात्र तो पाठ आहे. काजूच्या दिवसांत आपण सगळे चंदगडला या डोंगरातल्या घरी, त्या दोन खोल्यांत राहायला गेलो होतो. थोरले काका गेल्यापासून त्यांचा दादा आपल्यातच होता, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. झाड आतून पोकळ झालेलं. शेंड्याला दोर बांधून उताराच्या अंगाला ओढायचा, म्हणजे झाड घराकडे न येता खाली पडेल, असं तुम्ही ठरवलं होतं. लाकूडतोडे बुंध्यापाशी बसलेत, दोराचं टोक तुमच्या हातात आहे आणि मी पुढं होऊन हात केलाय. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तू हितनं हाल. खळ्यात जाऊन बस. मधी मधी करू नगंस." आणि दोर दादाच्या हातात दिलात. खळ्यातून मला फक्त शेंडा हलताना दिसला, मग आवाज, मग धूळ. धावत आलो तेव्हा तुमचा हात दादाच्या पाठीवर होता आणि तुम्ही म्हणत होता, "वाघ हाय ह्यो." दुपारी आईनं पहिली भाकरी त्याच्या ताटात वाढली. मी जेवलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या एका शब्दावर मी किती वर्षं जळलो, आबा. दहावीला चांगले मार्क पडले, तुम्ही "बरं झालं" म्हणालात. मागावरच्या पहिल्या पगारातून तुम्हाला धोतर आणलं, तर ते घेऊन तुम्ही आधी दादाकडे गेलात, त्याला दाखवायला. तो बरा माणूस आहे, हे तर आणखीनच वाईट. वाईट असता तर निदान उघडपणे राग धरता आला असता. तुम्ही गेल्यावर बाग त्यानं सांभाळली, घर त्यानं शाकारलं आणि हळूहळू ते त्याचंच झालं. कागदावर नाही, लोकांच्या तोंडी. परवा फाट्यावर एसटीतून उतरलो तर चहावाल्यानं विचारलं, "पावणं, कुणाकडं?" माझ्या बापाच्या घराकडे निघालो होतो मी. तरी दादाचंच नाव सांगावं लागलं, त्याशिवाय त्याला कळलं नसतं.

तर परवा दोर मी मागून घेतला. दादा म्हणाला, तुला सवय नाही, माझ्याकडे दे. मी दिला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बाजारातून नवीन आणलेल्या त्या दोराचं भेंडोळं सोडत सोडत मला उतारावर पार खाली नेऊन उभं केलं. मला वाटलं, मुद्दाम लांब ठेवतोय, आजही. मग घाव पडायला लागले आणि मी वर बघितलं. आबा, त्या जागेवरून झाड कसं दिसतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण ओढतो तसं ते आपल्याच अंगावर येतं. सगळं झाड, फांद्यांसकट, सरळ आपल्याकडे. बुंधा कडाडला, दादा ओरडला, मी दोर टाकून आडवा पळालो आणि काजूच्या पाल्यात पालथा पडलो. शेंडा माझ्यापासून चांगला लांब पडला होता.

दादा पाणी घेऊन आला आणि शेजारी बसला. मी विचारलं, तेव्हा तूही इथंच उभा होतास का? त्यानं वरच्या बाजूचं काजूचं एक खोड दाखवलं. आत्ता पडलेल्या झाडाच्या फांद्यांखाली ते निम्मं गाडलं गेलं होतं.

"तितं हुतो. दोर तेवढाच हुता," तो म्हणाला. "आखूड हाय, हे आबास्नी म्हाईत हुतं. म्हणून तर तुला खळ्यात धाडलं."

मी त्या खोडापासून माझ्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं.

"पाठीवर हात ठेवला त्यांनी. वाघ म्हणाले, पण माझ्याकडं बघितलं न्हाय." त्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी मातीत ओतलं. "तुला हाकलायला तुझा बा हुता. मला कोण हुतं? लय जळायचो रं तुझ्यावर. अजून बी कवा कवा."

एवढं बोलून तो उठला आणि फांद्या तोडायला गेला. तुमच्यावर चिडून बोलला नाही, पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं बोलला. मी त्याच्या मागं जायला हवं होतं. निदान खांद्यावर हात तरी ठेवायला हवा होता. तुम्ही त्याला तिथं का उभं केलंत, दुसरा दोर मिळत नव्हता का, एक दिवस थांबता आलं नसतं का, हे तुम्हाला विचारायला हवं, आणि तेच विचारायला मी आज लिहायला बसलो. पण परवा मी पाल्यात तसाच बसून राहिलो आणि तो काय म्हणाला ते मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. दादा माझ्यावर जळायचा. मला फार बरं वाटलं, आबा. त्याचा जीव जाता जाता राहिला होता, हे ऐकूनसुद्धा आधी बरंच वाटलं. हे तुम्हालाच सांगतोय, तेही तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून.