हिच्या निरोपाची डीव्हीडी

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी

निर्णय झाला. हिच्या निरोप समारंभाची डीव्हीडी मीच करणार.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. ही तीस तारखेला हॉस्पिटलातून निवृत्त होते आहे. ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर. भलेभले सर्जन हिला घाबरतात. मी घाबरत नाही, फक्त वाद घालत नाही. स्टाफने विचारलं, निरोपाला काय हवं? ही म्हणाली, भाषणं नकोत, भेटवस्तू नको. घरातले जुने फोटो एकदा मोठ्या पडद्यावर बघायचेत, मागे थोडं संगीत असलं तर बरं. लग्न झाल्यापासून हिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे हे नीट झालंच पाहिजे.

मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, लगेच म्हणाला की कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला द्या, तो चार दिवसांत करून देईल. मी नुसता हसलो. चार दिवस कशाला लागतात?

संकल्प : दहा तारखेपर्यंत डीव्हीडी तयार. उरलेले दिवस रंगीत तालमीला.

४ नोव्हेंबर, सोमवार

माळ्यावरून फोटोंचा खोका काढला. शिंका. अर्धा दिवस त्यातच गेला.

मग शास्त्रशुद्ध वर्गीकरण. ऑफिसात माझ्या फायलिंगचं साहेबांनी कौतुक केलं होतं. गठ्ठे असे : मी आणि समुद्र. मी आणि डोंगर. मी आणि स्कूटर. मी, मुलगी आणि हत्ती. मी, नुसताच.

हिचे फोटो असे फारसे नाहीत. कारण साधं आहे, कॅमेरा कायम हिच्याकडे. लग्नानंतर पहिल्याच सहलीत मी हिचा एक फोटो काढला होता. त्यात स्वेटर आलाय, पर्स आलीय, चपला तर फारच सुरेख आल्यात. मानेच्या वर थेट आकाश. तेव्हाच ही म्हणाली, द्या इकडे. मग मला नाइलाजाने पुढे उभं राहावं लागलं. इतकी वर्षं उभा राहिलो, कधी कुरकुर केली नाही.

अर्थात विषय हिचा असला तरी माणसाचं आयुष्य त्याच्या सहवासातूनच दिसतं. आणि सहवास म्हणजे मी. तेव्हा अडचण नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

अडचण आहे. बहुतेक फोटोंत खालच्या बाजूला एक काळा डाग आहे. वर गोल, दोन्हीकडे कोपरं बाहेर, एखाद्या दोन कानांच्या भांड्यासारखा. माझ्या पायांपर्यंत आलेला. धरणावरच्या फोटोत तर तो चांगलाच रुंद आहे, माझे बूटसुद्धा दिसत नाहीत. आणि ते बूट नवे होते.

लॅबचा दोष असणार म्हणून स्टुडिओवाल्याला दाखवायला गेलो. सहज चाललो होतो असं दाखवून. तो म्हणाला, डाग कसला साहेब, फोटो काढणाऱ्याची सावली आहे ती. ऊन पाठीवर घेऊन उभं राहिलं की पडते. वर विचारलं की मॅडम कुठे आहेत यात? मी म्हटलं, काम चालू आहे. असल्या लोकांना धीर नसतो.

तर सावली हिची. म्हणजे चूक हिची. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आता चारचौघांत, सगळ्या स्टाफसमोर, मोठ्या पडद्यावर हिची चूक दिसणार? ज्या बाईने आयुष्यभर थिएटरमध्ये कापसाचा बोळासुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तिची? मी असताना नाही. गुपचूप सगळ्या सावल्या काढून टाकतो. हिला कळणारही नाही. प्रेम म्हणजे हेच.

९ नोव्हेंबर, शनिवार

कॉम्प्युटरवर फोटो कापायचं बटण आहे म्हणतात. ते दाबलं की माझंच डोकं जातं. दोनदा गेलं. तिसऱ्यांदा अख्खा समुद्र गेला.

शेवटी हिची शिवणाची कात्री घेतली. आधी फोटो कापायचे आणि मग स्कॅन करायचे. इतकी साधी युक्ती कुणाला सुचली नसेल. दुपारभर कापत होतो. पट्टी लावून, एका रेषेत. ही ड्यूटीवर. खालच्या सगळ्या पट्ट्या रद्दीच्या पिशवीत टाकल्या. धरणाची पट्टी सगळ्यात रुंद, ती घडी घालून कॉम्प्युटरच्या टेबलाच्या पायाखाली दिली. टेबल वर्षभर डुगडुगत होतं, आता एकदम स्थिर. एका दगडात दोन पक्षी.

संध्याकाळी ही कात्रीकडे बघून म्हणाली की या कात्रीला धार का राहिली नाही? मी म्हटलं, हवा दमट आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

आज डीव्हीडी पूर्ण होण्याचा दिवस. स्कॅनरने ‘मी आणि डोंगर’ गठ्ठा उलटा घेतला. डोंगर खाली, मी वर लटकतोय. संकल्पाची तारीख थोडी पुढे ढकलली आहे. चांगल्या कामाला घाई करू नये, आणि आज रविवारही आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

संगीत. दुसऱ्या कुणाचं गाणं घेणं मला पटत नाही. मी कॉलेजात माउथ ऑर्गन वाजवायचो, लोक मुद्दाम थांबायचे. तो शोधून काढला. वरचे दोन सूर गेले आहेत, पण खालचे भरदार आहेत.

पहिला टेक : वरच्या मजल्यावर ड्रिल. दुसरा टेक : दम लागला. तिसरा टेक : अप्रतिम. डोळ्यांत पाणी आलं. मात्र ऐन भावुक जागी हिचा आवाज आला : अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा! आवाज इतका स्वच्छ की माउथ ऑर्गन मागे पडला. तो पुसायचा प्रयत्न केला. हिचा आवाज राहिला आणि माउथ ऑर्गन पुसला गेला. शेवटी सगळं परत आणलं. राहू दे, कुणाच्या लक्षात येणार नाही.

दूध गेलंच.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डिस्क भाजायला घेतल्या. भाजणे हा यातला तांत्रिक शब्द आहे, मला आता सगळे येतात. कॉम्प्युटर म्हणाला, काम यशस्वी. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली तर तो म्हणाला, डिस्क नाही. मी काढून दाखवली. ही काय? पुन्हा घातली. नाही म्हणाला.

प्लेअरचा दोष. दुसरी भाजली. तिसरी. प्लेअर हट्टाला पेटलेला.

ही चहा घेऊन आली, टेबलावरची एक डिस्क उचलली आणि तिच्यावर कप ठेवला. म्हणाली, बरी आहेत की, टेबलावर डाग पडत नाहीत. हिला तंत्रज्ञानाचा आदर नाही. पण कप त्यावर नेमका बसतो हे मान्य करावं लागेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मुलीचा फोन. ती परगावी असते, कामातून सुटका नाही म्हणून समारंभाला येणार नाही. तिने विचारलं की डिस्कवर नक्की काय घातलंय? मी फाइलचं नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, ती नुसती कच्ची फाइल आहे, आधी त्याचा व्हिडिओ करायचा असतो. म्हणजे आठवडाभर मी डिस्कवर फोटो नाही, फोटोंचे पत्तेच पाठवत होतो. हे डिस्कवाल्यांनी डब्यावर लिहायला हवं.

मग तिने विचारलं, यात आई किती आहे? मी म्हटलं, आई सगळीकडे आहे, भावनेत आहे. तिकडून फोन कट झाला. हल्ली लाइन सारखी जाते.

२७ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी

लागली! डीव्हीडी लागली! ही हॉस्पिटलात, मी एकटाच घरात. पहिली पाटी निळ्या रंगात : ‘निरोप, आमच्या सिस्टरना’. मग मी आणि समुद्र. हळूच जवळ येतो. मग विरघळतो. मग मी आणि हत्ती. एकाही फोटोत सावली नाही. स्वच्छ. बूट तेवढे सावलीबरोबर गेले.

शेवटी मीच टाळ्या वाजवल्या. मेहुण्याला फोन करून सांगितलं की तुझ्या स्टुडिओवाल्याला म्हणावं, शिकायचं असेल तर ये.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

लोक आग्रह करतील, तेव्हा निर्मितीमागच्या कष्टांवर चार शब्द बोलावे लागतील. तयार ठेवले. ही आज शेवटच्या दिवसाचा युनिफॉर्म स्वतः इस्त्री करत बसली होती. एकच घडी पुन्हा पुन्हा. हिला म्हटलं, उद्या बघ. ही म्हणाली, बघणार आहे, खूप दिवस वाट बघतेय. मला एकदम गलबलून आलं. आपण किती योग्य माणसासाठी हे केलं, असं वाटलं.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी

कालचं लिहितो. मोजकंच.

कॅन्टीनच्या हॉलमध्ये समारंभ. पडदा मोठा. डीव्हीडी पहिल्या झटक्यात लागली. तांत्रिक बाजू निर्दोष, हे कुणीही नाकारू शकत नाही.

समुद्रापर्यंत शांतता. डोंगरापर्यंत कुजबुज. स्कूटरच्या वेळी भूल देणारे डॉक्टर स्वतःच पेंगले. मेट्रनबाईंनी मागच्या बाईला विचारलं की हे गृहस्थ कोण? गॅस बंद करा, ते आलं तेव्हा मात्र हॉल खळखळून हसला आणि टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, ह्याच आमच्या सिस्टर! कार्यक्रम संपल्यावर एका नव्या सिस्टरने माझा हात हातात घेतला आणि निवृत्तीनंतरच्या आयुष्यासाठी मला शुभेच्छा दिल्या. मी आभार मानले. काय करणार?

भाषणाचा आग्रह झाला नाही.

ही सगळा वेळ पुढे वाकून पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होती. मला वाटलं, तिथे वायर लोंबतेय.

घरी आल्यावर हिने पर्स ठेवली आणि विचारलं, अहो, फोटोंच्या खाली माझी सावली असायची, ती कुठे गेली? मी उत्साहाने सगळं सांगितलं. कात्री, पट्टी, एका रेषेत. तुझी चूक कुणाला दिसू दिली नाही, असंही म्हणालो.

ही खुर्चीत बसली. म्हणाली, अहो, ती चूक नव्हती, ती मी होते.

मग एकेक सांगत गेली. आपण कुठल्याच फोटोत नाही हे हिला माहीत होतं. सावलीपुरत्या आहोत, हेही. हातातल्या फोटोत ती नखाएवढी दिसते. मोठ्या पडद्यावर तरी नीट दिसेल म्हणून हिने हे मागितलं होतं. आणि धरणावरची सावली रुंद का होती, तर तेव्हा मुलगी पोटात होती. आम्हा दोघींचा तेवढाच एक फोटो, असं म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मला फार वाईट वाटलं. यात दुसऱ्या कुणाचा दोष काढता येतो का, ते बघितलं. नाही काढता येत.

२ डिसेंबर, सोमवार

रद्दीची पिशवी जागेवर होती! महिनाभर ही मला रद्दी देऊन या म्हणून सांगत होती आणि मी टाळत होतो. याला दूरदृष्टी म्हणतात. निदान हिने तरी म्हणायला हरकत नव्हती.

पट्ट्या जमिनीवर पसरल्या. नुसत्या सावल्याच सावल्या. वाळूवर, गवतावर, पायऱ्यांवर. एकीत केस वाऱ्यावर उडालेले. एकीत एक हात वर, बहुधा मला जरा मागे सरका म्हणून सांगत असावी. मी त्या आयुष्यात कधी नीट पाहिल्या नव्हत्या. आज पाहिल्या.

टेबलाखालची पट्टीही काढली. मधोमध घडी पडली आहे. टेबल पुन्हा डुगडुगतंय. डुगडुगू दे.

चिकटपट्टी लावून जोडायला बसलो. पहिल्याच फोटोत वाळूवर उभा मी आणि खाली पायऱ्या असं झालं. ही बाजूला येऊन बसली, माझ्या हातातून चिकटपट्टी घेतली आणि स्वतः जोडायला लागली. ऑपरेशनला बसल्यासारखी. मी फक्त पट्ट्या हातात द्यायच्या. एकदा चुकीची दिली, तर हिने नुसती मान वर करून बघितलं. सर्जन का घाबरतात ते कळलं.

८ डिसेंबर, रविवार

नवा संकल्प : हिचा एक फोटो. चांगला, स्वतंत्र, माझ्या हातचा. संध्याकाळच्या उन्हात हिला गच्चीवर उभी केली. हिने केस सारखे केले, हसली. मी दोन्ही हातांत मोबाइल घट्ट धरला, कोपरं बाहेर काढली, श्वास रोखला, सगळं नीट बघितलं आणि दाबलं.

दोघांनी मिळून बघितला. हिचं डोकं गेलंय. पण खाली, हिच्या पायांपर्यंत, माझी सावली मात्र डोक्यासकट लख्ख आली आहे.

ही हसून हसून कठड्याला टेकली. म्हणाली, माझ्याही फोटोत अख्खे तुम्हीच आलात.

मी पुसायला गेलो. हिने मोबाइल काढून घेतला. राहू द्या म्हणाली, आणि कात्री कुठे ठेवली आहे ते आता तुम्हाला सांगणार नाही.