उभं राहून करायची तपासणी

धुळे,
१४ नोव्हेंबर १९९६

सौ. लतावहिनींस,
सप्रेम नमस्कार. पत्र पोचले. पुनाभाऊंची बदली टळली हे बरे झाले. इकडे शिरांतले वाहते रक्त दाखवणारे नवीन डॉप्लर यंत्र आल्यापासून दवाखान्यात गर्दी असते.

तुम्ही विचारता, भिकुआत्याच्या पायाच्या शिरा चांगल्या आहेत तर घोट्याजवळची जखम भरत का नाही? इथला रिपोर्ट पाहून चाळीसगावच्या डॉक्टरांनी पायाला घट्ट बांधायची आवळपट्टी बंद केली, महारोगाच्या भीतीने पुनाभाऊंनी तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि तुम्ही तिचे ताट-तांब्या वेगळे केले.

हा महारोग वाटत नाही. महारोगात कातडी बधिर होते; जखमेभोवती तिला स्पर्श नीट कळत होता. रिपोर्ट अपुरा आहे.

'अपुरा' लिहिले, पण ते खरे नाही. तो चुकीचा आहे, वहिनी, आणि तो मी केला आहे.

शिरांत झडपा असतात. त्या रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. त्या बिघडल्या का, हे रोग्याला उभे करून पाहायचे असते. भार दुसऱ्या पायावर, जांघेत यंत्र, दुसऱ्या हाताने पोटरी दाबून सोडायची. रक्त उलटे आले तर पडद्यावर लगेच दिसते. मी आत्याला झोपवून पाहिले. झोपवून गुठळी नाही एवढे कळले. 'झडपा ठीक' हे मी न पाहता लिहिले.

त्या दिवशी यंत्र पाहायला बाहेरचे डॉक्टर आले होते. आत्या आत येताच त्यांना म्हणाली, "हाई मशीन मन्या भाचीनी शे!" ते हसले. एकाने विचारले, "मॅडम, तुमच्या नात्यातल्या?" मी म्हटले, "गावाकडच्या ओळखीच्या."

आत्या लुगडं आवरत विचारत होती, "उभी राहू का, माय? इस्त्री करता करता जनम उभाच गया मना." उभे केले असते तर मला तिच्या पायाशी बसावे लागले असते, त्या वासाच्या जखमेजवळ, सगळ्यांसमोर, आणि ती बोलतच राहिली असती. मी म्हणाले, "अहो बाई, झोपा."

जन्मात पहिल्यांदा मी तिला अहो म्हटले. ती झोपली. मग प्रत्येक प्रश्नाला "हां, मॅडम" एवढेच म्हणाली. जाताना माझ्यासाठी आणलेला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींचा डबा परत घेऊन गेली.

तिने घरी यातले काही सांगितलेले दिसत नाही. सांगितले असते तर तुम्ही इतके गोड पत्र लिहिले नसते.

काल आमच्या विभागाच्या मुख्य सरांना सगळे सांगितले. त्यांनी रिपोर्ट रद्द केला. रविवारी मी येते. हातात मावणारे एक यंत्र आहे, त्यात चित्र नाही, नुसता आवाज येतो. आत्याला उभी करून, तुमच्या सगळ्यांच्या देखत पाहीन. झडपा बिघडलेल्या निघाल्या तर आवळपट्टी पुन्हा सुरू होईल. नाही निघाल्या तर पुढच्या तपासण्यांना मीच तिला नेईन. पण ताट आजच एकत्र करा. माझ्या येण्याची वाट पाहू नका.

हे पत्र तिला वाचून दाखवा. 'ओळखीच्या' म्हटले तेही वाचा, वगळू नका. त्यावर ती मला पायाला हात लावू देणार नाही कदाचित. तसे असेल तर यंत्र तिथल्या डॉक्टरांकडे देईन आणि बाहेर ओट्यावर बसेन.

लेकराला पापा. आत्याला माझा नमस्कार सांगू नका. तो मला स्वतः वाकून करायचा आहे, तिने करू दिला तर.

रजनी