मृत्यू साडूकडे

३ मार्च, सकाळी ९
आज चित्रकाराला चित्राचे काम दिले. विषय: मृत्यू, सदेह. सोबत अकरा पानी सूचनापत्र. माझ्या संग्रहातील बेचाळीस चित्रांत मृत्यूचीच काय ती उणीव होती. सौ.ला पत्र वाचून दाखवले. तिसऱ्या पानावर ती दूध बघायला गेली, ती आलीच नाही.

१९ एप्रिल
चित्र आले. घोर निराशा. मृत्यू दाराशी खुर्चीच्या अगदी टोकावर बसला आहे. मांडीवर पिशवी, चपला बाहेर काढलेल्या. वेळेआधी पोहोचून अवघडलेला पाहुणा जणू! माझ्या पत्रात 'भव्य' हा शब्द नऊ वेळा आहे. सौ. मात्र बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हा आला ना, तर मी आधी चहा टाकीन. गेली सव्वीस वर्षे मी घरी आलो की तिचे पहिले वाक्य 'पाय पुसा' हे असते. नोंद घेतली. मत्सर नव्हे, केवळ नोंद.

२० एप्रिल
चित्र परत पाठवले. दुरुस्त्या सतरा. चित्रकार म्हणाला, झालेल्या चित्राला मी पुन्हा ब्रश लावत नाही. तुम्हाला दुसरे काढून देतो, हे माझ्याकडे राहील. खुशाल राहू दे म्हटले. चूक डोळ्यांसमोर टांगलेली असली की माणूस शिकतो.

६ मे
साडूने ते चित्र चित्रकाराकडून नेले! चष्म्याचे दुकान चालवणारा गृहस्थ. याच्या भिंतीवर आजवर फक्त कॅलेंडर, तेही गतवर्षीचे. फोनवर म्हणे, काय साडूबुवा, तुमच्या तावडीतून सुटला तो आमच्याकडे आला! आणि हसत सुटला. अभिरुची नसली की हसू लवकर येते.

२ जून
नवा मृत्यू आला. उभा, भव्य, पत्राबरहुकूम. स्पॉटलाइट लावला. निर्दोष. मेहुणी बघून म्हणाली, अगंबाई, भाऊजी, हे तर शाळा तपासायला आलेत! सौ. खोकली. तो खोकला नव्हता.

२५ जून
सौ. हल्ली रोज चार वाजता बहिणीकडे जाते. तासभर. कशाला, असे विचारले तर म्हणाली, बसते जरा त्याच्यासमोर. 'त्याच्या'! कल्पना माझी, बायको माझी, आणि दोघे भेटतात साडूच्या घरी. आज तर जाताना केसही विंचरले. ठराव: या विषयाकडे संपूर्ण दुर्लक्ष.

२६ जून
चष्म्याची काडी सैल झाली म्हणून सहज साडूच्या घरी गेलो. तो म्हणाला, अहो, दुकानात यायचं ना, स्क्रू ड्रायव्हर काय मी उशाला घेऊन झोपतो? सौ. खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. कपाळावरची आठी नव्हती. ती आठी जाऊ शकते, हे मला ठाऊक नव्हते. मी तिला मृत्यूच्या डाव्या खांद्याच्या रेषेतील दोष समजावू लागलो. ती उठली, चपला घातल्या, म्हणाली, चला. मुद्दा पटला असावा.

११ जुलै
पंधरा दिवस दुर्लक्ष करून थकलो. साडूपुढे लेखी प्रस्ताव ठेवला: चित्रांची अदलाबदल. वाचायच्या आधीच म्हणाला, तुमचे तपासनीस तुम्हालाच लखलाभ. हा असाच घेऊन जा, घरच्या घरात कसली आलीय अदलाबदल! दुसऱ्याला लहान करण्याची ही त्याची जुनी खोड. बाहेर पडताना माझी मान खाली होती. फ्रेम जड आहे.

१२ जुलै
चित्र दिवाणखान्यात लावले. उंची डोळ्यांच्या रेषेत, प्रकाश डावीकडून, समोर सौ.ची खुर्ची. चार वाजता तिला स्वतः नेऊन बसवले. खांद्याचा तो दोष हाच खरे तर चित्राचा प्राण कसा, हे शेजारी उभे राहून विशद केले. पाऊण तास. तिने डोळे मिटून घेतले. भारावली असावी.

१३ जुलै, दुपारी ४.१०
सौ. बहिणीकडे गेली. दारातच अडवून विचारले, आता तिथे काय उरले आहे? म्हणाली, भिंत. मी म्हटले, नुसती? म्हणाली, हो ना. तिच्यासमोर बसलं तरी तेवढंच बरं वाटतं. कोणी काही सांगत नाही.

सायंकाळी ५.३०
अजून आलेली नाही. उद्या टेप घेऊन साडूकडे जावे आणि ती भिंत मोजून आणावी. तशीच इथे करवून घेता येईल. कदाचित अधिक चांगली.