गाठ उडी ऱ्हायनी

प्रिय जिभाऊ,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. म्हसावदच्या घरी जेवायला आलेले सगळे तुमच्या पोलिओच्या पायाबद्दल बोलले. हाताचा विषय कोणी काढला नाही. तुमची लेक असून मीही काढला नाही. म्हणून लिहितेय.

तुमच्या उजव्या काखेत गाठ आली तेव्हा मी नाशिकला होते, शाळेत मराठी शिकवत. काखमांजरी असणार, असं सगळ्यांनी धरलं. मायने अळशीचं पोटीस बांधलं. पिकली की चिरायची! फोनवर तुम्ही म्हणालात, "सुमी, गाठ उडी ऱ्हायनी."

मला वाटलं, उडतेय म्हणजे जातेय. रंग उडतो तशी. "बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला. ती नाडीसारखी उडत होती, हे तुम्ही सांगत होतात. घरची बोली मी इतकी विसरले होते?

आठ दिवसांनी तुमची बोटं पांढरी, गार पडली तेव्हा धावत आले. नंदुरबारच्या डॉक्टरांनी गाठीवर दोन बोटं ठेवली आणि लगेच उचलली. "हिला कोणी सुरी लावली नाही ना? ही धमनी आहे. फुगलीय." मग तुमची कुबडी तुमच्या शेजारी उभी धरली. लांब होती. तळहातावर यायचा भार चाळीस वर्षं काखेवर येत होता.

किती वेळा म्हटलं होतं, सुताराकडून कापून घ्या! तुमचं एकच, "वाकीसन चालानं नही."

फुग्यातली रक्ताची गुठळी सुटून बोटांकडे गेली होती. सुरतला फुगलेला भाग काढला, चांगल्या पायाची शीर तिथे जोडली. शुद्धीवर येताच तुम्ही म्हणालात, "पायनी शीर हातमा बसाडी दिन्ही. आते हात चालाले लागी!" गुजराती नर्सही हसली.

हात वाचला. करंगळीचं टोक गेलं. आठ दिवस आधी आला असतात तर तेही राहिलं असतं, सर्जन म्हणाले.

परतताना तुम्ही विचारलंत, "तुले फोनवर सांगं व्हतं ना?"

आवाज नीट आला नाही, म्हणाले मी. आवाज स्वच्छ आला होता, जिभाऊ.

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. कळलं होतं का? त्याच हाताने पुढे दरवर्षी माझ्यासाठी तिखटाचा डबा बांधलात. मग एका दुपारी झोपेतच गेलात.

करंगळीची आठवण निघाली की माय अजून ओरडते, "मुडदा पडो त्या फोनना!" उद्या तिला खरं सांगेन. आपल्या बोलीत सांगेन. मग फोनला सोडून तिने मला काय म्हणायचं ते म्हणावं.

तुमची लेक,
सुमी